रात्रपाळीच्या ड्युटीला आणि रोज खिशात बाळगायला कोणता टॉर्च घ्यावा?

खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्याला भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. १०,००० कँडेलाचा झोत कागदोपत्री २०० मीटर जातो, पण तिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो. माणूस ओळखायचा तर त्याच्या निम्मंच अंतर धरा. शिवाय लहान टॉर्च पूर्ण उजेडावर काही मिनिटांतच तापतो आणि आपोआप मंद होतो. म्हणून मधल्या पायरीवर, ३०० लुमेनच्या आसपास, तो किती तास टिकतो हे आधी बघा.

माझी पसंती १८६५० या रिचार्जेबल लिथियम सेलला. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, बदलता येणारा. एक भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत जवळ ठेवला की रात्रभराची काळजी मिटते. मात्र या आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेलं दिसलं तर तो सरळ खोटा समजा. चांगला सेल साधारण ३५०० पर्यंतच जातो.

बटण मागच्या टोकाला हवं, अर्धवट दाबताच उजेड देणारं. अंधारात, हातमोज्यांतही ते सापडतं. ड्युटीच्या टॉर्चला पहिल्या दाबाला लुकलुकणारा झोत नकोच.

आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स८ असलेला घ्या, निदान आयपीएक्स७ (१ मीटर पाण्यात ३० मिनिटं). खिशात ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बहुतेक टॉर्च त्याने बंदच राहतात, नाहीतर चुकून पेटलेला टॉर्च मांडी भाजतो.