मुलांची डोकेदुखी : पालकांचे प्रश्न

मोठ्या मुलांच्या वारंवार होणाऱ्या डोकेदुखीबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ दिसतो : कारण शोधण्याआधीच उपाय सुरू झालेला असतो. म्हणून काही प्रश्न येथे एकत्र घेत आहे.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे. चष्मा लागला, तरी डोके दुखतेच. निळा प्रकाश अडवणारी काच घ्यावी का? (ऐरोली)

नको. त्या काचेने डोळ्यांवरचा ताण कमी होतो याला भरवशाचा पुरावा नाही. नंबर नेत्रतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासून घ्या आणि तो बरोबर असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

प्रश्न : १३ वर्षांच्या मुलीला आठवड्यातून तीन-चारदा डोकेदुखीची गोळी द्यावी लागते. पूर्वी एका गोळीने थांबायचे, आता थांबत नाही. गोळी बदलावी का? (घोडबंदर रोड)

गोळी बदलू नका, मोजा. माझ्याकडे आलेल्या एका आईने पर्समधून तीन पाकिटे काढली; एकातल्या दहापैकी आठ गोळ्या संपल्या होत्या, पण पहिली कोणत्या दिवशी दिली हे घरात कोणालाच सांगता आले नाही. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतली गेली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. मिश्र गोळ्यांच्या, म्हणजे एकाच गोळीत एकाहून अधिक औषधे असलेल्या गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा १० दिवसांवर येते. मेडिकलवाल्याने ‘ही जास्त स्ट्राँग आहे’ म्हणून दिलेली गोळी बहुधा मिश्रच असते, आणि त्यात अ‍ॅस्पिरिन असल्यास मुलांना ती डॉक्टरांच्या सांगण्यावाचून मुळीच देऊ नये. आजपासून वहीत तारीख, दुखण्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता, पाळीचे दिवस आणि दिलेली गोळी लिहा. सातची शाळा गाठण्यासाठी उपाशी निघणारी आणि रात्री क्लासनंतर साडेअकराला झोपणारी मुलगी असेल, तर अर्धे उत्तर त्या वहीतच मिळेल. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. मात्र गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस दुखणे वाढू शकते, म्हणून हे बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा.

प्रश्न : कपाळ दुखते, मळमळते, उजेड नको वाटतो. शेजारी सायनस म्हणतात. वाफ द्यावी का? (नेरूळ)

शेजाऱ्यांचे निदान बाजूला ठेवा. हे वर्णन अर्धशिशीशी जुळते. मुलांमध्ये ती बऱ्याचदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखते आणि दोन तासांतही थांबू शकते. आईवडिलांपैकी कोणाला हा त्रास होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : सगळा संशय फिटावा म्हणून थेट एमआरआय करून घ्यावा का? (कळवा)

सवलतीच्या जाहिरातीवरून करू नका. आधी डॉक्टरांनी मुलाचा रक्तदाब मोजावा, तोल व चालणे पाहावे, डोळ्यांचा पडदा तपासावा; स्कॅनची गरज त्यावरून ठरते. परंतु दुखण्याने मुलाला झोपेतून जाग येत असेल, सकाळी उठताच उलटी होत असेल, खोकताना किंवा आडवे झाल्यावर दुखणे वाढत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तापासोबत मान ताठ झाली असेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.