सगळी ऑपरेशनं एकदमच उरकू का?

या वेळच्या पत्रांमधली चार एकाच विषयावर निघाली, म्हणून ती एकत्रच घेतेय. मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे, 22 वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या पेशंटना भूल देतेय, तेव्हा माझी उत्तरं टेबलाच्या डोक्याकडून, मॉनिटर बघत बसणाऱ्या बाईची आहेत हे धरून वाचा.

प्रश्न: डॉक्टरताई नमस्कार, वय 41, नाशिकला शाळेत शिकवते. दोन सिझर झालीयेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते सुटलंच, व्यायाम केला, डाएट केलं, 9 किलो वजन उतरलं पण कातडी लोंबतेच, आणि छातीचं वजन इतकं की खांद्यावर पट्ट्यांचे वळ कायमचे, मान रोज दुखते. मला टमी टक (पोटाची लोंबती कातडी काढून पोट घट्ट करणं), कमरेची लायपो (चरबी शोषून काढणं) आणि ब्रेस्ट रिडक्शन (छाती लहान करणं) असं तिन्ही करायचंय. एक सर्जन म्हणाले मे महिन्याच्या सुट्टीत एकदमच करून टाकू, एकच भूल, एकच रजा, पॅकेजही कमी बसेल. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या अजिबात नाही, दोन टप्प्यांत करा. यातलं खरं कोण बोलतंय? हिमोग्लोबिन 9.6 आहे, बाकी रिपोर्ट नॉर्मल. घरी मिस्टर, दोन मुलं, सासूबाई आता थकल्यात. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर: ताई, दोघंही खरं बोलत असतील. पहिले सर्जन मोठ्या हॉस्पिटलमध्ये दोन टीम लावून काम करत असतील, म्हणजे एकजण पोटावर आणि दुसरा त्याच वेळी छातीवर, शेजारी आयसीयू, आणि मॅडम एकट्या ऑपरेट करत असतील, तर तुमच्याच शरीरासाठी दोन वेगळी उत्तरं येणारच. म्हणून "किती ऑपरेशनं" यापेक्षा "मी टेबलावर किती तास असेन" हे आधी विचारा. स्नायू शिवून घट्ट करायचे असतील तर टमी टकला साधारण 2 ते 4 तास, रिडक्शनला तेवढेच, लायपोला एक-दीड तास धरा. एकच सर्जन असेल तर सात-आठ तास सहज होतात. बरेच सर्जन 6 तासांच्या आसपास रेघ ओढतात आणि मलाही ती रेघ पटते, कारण त्यानंतर पेशंट सांभाळणं अवघड होत जातं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सगळ्यात मोठी भीती पायात रक्त गोठून होणाऱ्या गुठळीची. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, भुलेखाली ते काम बंद पडतं आणि पायातलं रक्त संथ होतं. त्यात टमी टकमध्ये पोटाचे स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो, पायाकडून वर येणारं रक्त आणखी अडतं, शिवाय नंतर काही दिवस कमरेत वाकूनच राहायचं असतं. नेहमीच्या कॉस्मेटिक ऑपरेशनांमध्ये गुठळीच्या बाबतीत टमी टक सगळ्यात जोखमीचं मानतात ते यामुळेच, आणि त्याला दुसरं मोठं ऑपरेशन जोडलं की जोखीम वाढते. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं. यावर उपाय आहेत, पायाला हवेचे पंप लावतात, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात, त्याच संध्याकाळी उठवून चार पावलं चालवतात. तुमच्या हॉस्पिटलात यातलं काय काय होणार ते स्पष्ट विचारा. आणि एक गोष्ट बायका सांगतच नाहीत म्हणून मी प्रत्येकीला दोनदा विचारते, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्यात का? पूजेला, लग्नाला आपण सहज घेतो आणि ऑपरेशनच्या दिवशी पाळी नको म्हणूनही घेतात. जास्त डोसमध्ये त्या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीची शक्यता वाढते. गर्भनिरोधक गोळ्याही साधारण महिनाभर आधी थांबवायला सांगतात, त्या घेत असाल तर सर्जनला आजच कळवा. पाळीत ऑपरेशन करायला काही हरकत नसते हो, उगाच गोळ्या घेऊ नका.

दुसरं म्हणजे थंडी. ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) एसी, उघडं अंग, वरून थंड सलाईन. तासन् तास पोट आणि छाती दोन्ही उघडी राहिली की शरीराचं तापमान 36 च्या खाली जातं, आणि गार पडलेल्या पेशंटचं रक्त नीट गोठत नाही, जखमेत इन्फेक्शनही जास्त होतं. आणि लायपोच्या आधी चरबीत जे पाणी भरतात त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं, त्याची रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती 10 ते 14 तासांनी, म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं तर रात्री, घरी सोडलं असेल तर घरी! म्हणून एकापेक्षा जास्त ऑपरेशनं एकत्र केली असतील तर पहिली रात्र हॉस्पिटलातच काढायची, डे-केअर पॅकेज कितीही स्वस्त पडलं तरी.

अमेरिकेतलं एक प्रकरण सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. गायक कान्ये वेस्ट यांच्या आई डोंडा वेस्ट, वय 58, 2007 च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला त्यांची पोट, लायपो आणि छाती अशी ऑपरेशनं एकाच बैठकीत झाली, त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वारल्या. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि ऑपरेशननंतरची अनेक कारणं मिळून मृत्यू झाला असं निघालं. पुढे 2009 मध्ये कॅलिफोर्नियात कायदाच झाला की कॉस्मेटिक सर्जरीआधी शारीरिक तपासणी करून डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. फ्लोरिडात तर छोट्या क्लिनिकसारख्या जागी टमी टकसोबत 1 लिटरपेक्षा जास्त चरबी काढायची नाही आणि सगळं मिळून 8 तासांच्या वर प्लॅन करायचं नाही असा नियम आहे. आपल्याकडे तुमच्या वाट्याला येणारा "फिटनेस" म्हणजे बऱ्याचदा एक ईसीजी आणि एक सही असते, तेवढ्यावर भागवू नका, भूलतज्ज्ञाला आधीच्या दिवशी प्रत्यक्ष भेटायचंय असा हट्ट धरा, आम्हाला राग येत नाही.

आता घरचं बोलू, कारण कन्सल्टेशनमध्ये हे कुणी काढतच नाही. टमी टक झालेली बाई अंथरुणातून उठते ती हातांच्या रेट्यावर, पोटाला जोर देता येत नाही ना. रिडक्शन झालेल्या बाईला हातावर जोर देता येत नाही, ती पोटाच्या जोरावर उठते. दोन्ही एकदम झाली की कशाच्या जोरावर उठायचं? रात्री बाथरूमला जायलाही धरून उठवणारं माणूस लागतं, पहिले पाच-सात दिवस तरी, आणि जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, घट्ट प्रेशर गारमेंट घालणं-काढणं हे सगळं त्यात. तुमच्या घरात सासूबाई थकलेल्या, मुलं लहान, म्हणजे सगळा भार मिस्टरांवर. त्यांना सलग दहा दिवस रजा मिळणार आहे का, बहीण किंवा आई येऊन राहील का, हे ठरल्याशिवाय एकत्र करायचा विचार करू नका.

एकदा माझ्यासमोर एका पेशंटचं पोटाचं काम व्हायलाच साडेचार तास लागले, आतून चिकटलेलं निघालं, तापमान 35 वर आलं, बीपी वरखाली. मी सर्जनला म्हटलं आता पुरे, आणि सर्जनने छातीला हात न लावता आवरतं घेतलं. शुद्धीवर आल्यावर ती बाई रडली, पुन्हा रजा कोण देणार म्हणाली, मला फार वाईट वाटलं कारण तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं की असं होऊ शकतं. पाच महिन्यांनी ती परत आली, दुसरं ऑपरेशन दोन तासांत झालं, तिसऱ्या दिवशी घरात फिरत होती. म्हणून एकत्र करायचं ठरलंच तर संमतीपत्रावर सही करताना आधी कुठलं करणार आणि वेळ गेला तर कुठलं सोडणार हे लिहून घ्या आणि पैशांचं काय तेही लिहून घ्या. मधेच थांबलं तर पॅकेजचे पैसे बुडतील या भीतीने कुणी पुढे रेटता कामा नये, ना सर्जनने ना तुम्ही.

तुमच्यासाठी मला काय वाटतं? आधी हिमोग्लोबिन. 9.6 वर कुठलंच ऐच्छिक मोठं ऑपरेशन नको, एकत्रही नको आणि वेगळंही नको. यात तुमची काही चूक नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, पण पाळीत जास्त जातं का ते तपासा, लोह घ्या, 12 च्या आसपास येऊ द्या. मग दिवाळीच्या सुट्टीत आधी रिडक्शन, कारण मान रोज दुखतेय आणि त्यातून माणूस लवकर सावरतं, फक्त फळ्यावर हात वर करून लिहिणं महिनाभर नाही, मुलांकडून लिहून घ्या. त्याआधी मॅमोग्राफी करा, चाळिशीनंतर ती हवीच. आणि मे महिन्यात टमी टकसोबत कमरेची थोडी लायपो, हे दोन शेजारचे भाग आहेत, बेताची चरबी काढायची असेल तर एकत्र करणं रीतीचं आहे. दोनदा भूल म्हणजे दुप्पट धोका असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही, निरोगी माणसाला सहा महिन्यांच्या अंतराने दिलेल्या दोन छोट्या भुलांपेक्षा एक आठ तासांची भूल मला जास्त काळजीत टाकते. खर्च मात्र वाढेल, ओटीचा आणि आमचा चार्ज दोनदा लागेल, ते खरं आहे.

प्रश्न: मी 26, पुणे. नाक, हनुवटी आणि छातीचं गायनेकोमॅस्टिया (पुरुषाची छाती वाढणं), तिन्ही लग्नाआधी करायचंय, लग्न अडीच महिन्यांवर. एकदम होईल का?

उत्तर: नाक आणि हनुवटी एकत्र करणं उलट चांगलंच, बाजूने चेहरा बघताना दोन्ही मिळूनच दिसतात, हनुवटी मागे असेल तर नॉर्मल नाकही मोठं वाटतं. छातीचं काम तास-दीड तासाचं, निरोगी तरुणाला तेही त्याच भुलेत जमतं. माझी अडचण लग्नाच्या तारखेची आहे, नाकाची सूज पूर्ण उतरून शेवटचा आकार दिसायला वर्ष लागतं आणि अडीच महिन्यांत शेंडा सुजलेलाच दिसेल, फोटोत ते आयुष्यभर राहील. नाक लग्नानंतर करा. छातीसाठी आधी जिममध्ये घेतलेली पावडर, इंजेक्शनं सगळी डॉक्टरांना खरी खरी सांगा, हार्मोन तपासा, स्टिरॉईड चालू असेल तर ऑपरेशन करूनही परत येतं.

प्रश्न: आई 63 वर्षांची, माझ्याकडे न्यू जर्सीला असते, डायबेटिस आहे, अ‍ॅस्पिरिन चालू. तीन आठवडे मुंबईत येतोय तेवढ्यात तिला फेसलिफ्ट, पापण्या आणि पोट करून घ्यायचंय, तिकडे फार महाग पडतं. मनात अपराधी वाटतं पण तिची फार वर्षांची इच्छा आहे. (मुलगी)

उत्तर: अपराधी वाटून घेऊ नकोस गं, 63 व्या वर्षी आईला स्वतःसाठी काही करावंसं वाटलं याचा मला आनंदच झाला. फेसलिफ्ट आणि पापण्या एकत्र होतात, रोजच होतात. पण पोट त्याच वेळी नको आणि या फेरीत तर नकोच. न्यू जर्सीहून मुंबईला पंधरा-सोळा तास बसून यायचं, उतरल्यावर आठवड्यात टेबलावर जायचं, आणि दोन आठवड्यांनी परत तेवढंच बसून जायचं! लांबच्या प्रवासाने गुठळीची शक्यता वाढते, पोटाच्या ऑपरेशनने वाढते, आणि ऑपरेशनची जोखीम आठवड्यात संपत नाही, कित्येक आठवडे राहते. शिवाय काही इन्फेक्शनं इतकी संथ असतात की जखम महिन्याभराने लाल होऊन पाझरायला लागते, तेव्हा आई तिकडे आणि सर्जन इकडे. तिकडचे डॉक्टर दुसऱ्याने केलेलं काम हातात घ्यायला का-कू करतात, हा अनुभव बऱ्याच जणींनी सांगितलाय.

चेहऱ्यासाठी सहा आठवडे तरी काढून या, पहिल्या आठवड्यात फक्त तपासण्या, साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट सातच्या आत असावा. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका, ती कशासाठी चालू आहे हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, स्टेंट असेल तर गोष्टच वेगळी. फेसलिफ्टनंतर पहिल्या दिवशी बीपी चढलं तर चेहऱ्याखाली रक्त साचतं, म्हणून तिला बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या चुकता कामा नयेत.

प्रश्न: बेंबीचा हर्निया आहे, त्यासोबत टमी टक केलं तर मेडिक्लेम सगळं देईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: सगळं नाही. हर्निया आणि टमी टक एकत्र करणं सोयीचं आणि नेहमीचं आहे, पोट उघडलेलंच असतं. पण कॉस्मेटिक सर्जरी ही सगळ्या पॉलिसींमध्ये ठरलेली वगळणूक आहे, हर्नियाचा भाग मिळू शकतो, टमी टकचा नाही, आणि त्या भागावर जीएसटीही लागतो. हॉस्पिटलकडून दोन वेगळी एस्टिमेट घ्या, कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्या. सगळं हर्नियाच्या नावावर लिहून देतो असं कुणी म्हणालं तर तिथे सही करू नका, क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.