मी सज्ञान आहे हे दिसतंय, मग मी कोण हे कशाला हवंय?

वेबसाइट वयाचा पुरावा मागते, तर ओळखपत्र द्यावं का? समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली येऊ लागला आहे. बहुतेकदा मुलांच्या मोबाइलवरून बोलणं चालू असताना आईवडील तो विचारतात. एका बाईंनी मात्र तो स्वतःसाठी विचारला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून इथे मांडते आहे.

लहानपणी नात्यातल्या एका माणसाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. त्या बोलायच्या ते फक्त एका ऑनलाइन गटात, टोपणनावाने, तसंच सोसलेल्या बायकांशी. एका रात्री गट उघडेना. ‘हा विभाग अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, वय सिद्ध करा.’ ओळखपत्राचा फोटो किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ, एवढेच दोन पर्याय. त्यांनी दुसरा निवडला. स्क्रीनवर लंबगोल चौकट आली, त्यात स्वतःचा चेहरा, आणि खाली सूचना : डोकं हळूच डावीकडे वळवा. त्यांनी मोबाइल पालथा टाकला. त्यानंतर गट सुटला, झोपही उडाली.

नवऱ्याला त्यांनी फक्त ‘अ‍ॅप ओळखपत्र मागतंय’ एवढंच सांगितलं होतं. तो सहज म्हणाला, “काही लपवायचं नसेल तर घाबरायचं कशाला?” या वाक्याने किती माणसं गप्प होतात ते मी रोज पाहते. ज्या व्यक्तीची खाजगी गोष्ट एकदा जबरदस्तीने हिरावली गेली आहे, तिच्यासाठी काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे स्वतः ठरवता येणं हाच बरं होण्याचा पाया असतो. कॅमेऱ्यासमोर त्यांचे हात थरथरले त्यामागे हे होतं.

“मॅडम, मी उगाच घाबरते आहे का?” त्यांनी विचारलं. ‘काही होणार नाही’ असं सांगून मला त्यांना मोकळं करता आलं नसतं, कारण ते खरं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या अ‍ॅपच्या कंपनीने जाहीर केलं, की त्यांचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. त्या लोकांनी ती ओळखपत्रं वयासंबंधीच्या पडताळणीसाठीच दिली होती. हे मी त्यांना सांगितलं. भीतीला आधार आहे म्हटल्यावर त्या उलट शांत झाल्या. मग विचार करता आला.

आणि इथे त्यांनीच दुसरी बाजू काढली. “माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला नको ते दिसू नये, असा कायदा मलाही हवाय.” मलाही हवाय. मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ब्रिटनमध्ये २०२३ च्या कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइट्सना कडक वयतपासणी बंधनकारक झाली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, म्हणजे पालक खरोखर सज्ञान आहे हेही तपासावं लागणार. अडचण इथेच आहे. मूल कोण हे शोधायचं तर प्रत्येक मोठ्या माणसालाही आपण मोठे असल्याचं दाखवावं लागतं.

पण वय दाखवणं आणि ओळख देणं एकच नव्हे. चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस चेहरा पाहून आत सोडतो, आपलं नाव आणि चित्रपट वहीत लिहून ठेवत नाही. संगणकालाही हे जमतं. ‘ही व्यक्ती अठराच्या वर आहे’ एवढंच उत्तर साइटला मिळावं, नाव किंवा जन्मतारीख नाही, अशा अ‍ॅपचा आराखडा युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये पुढे आणला. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवता येत नाही, आणि वय तपासायला घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागते. म्हणजे मुलांची काळजी आणि मोठ्यांचा खाजगीपणा यांतून एकच निवडा असं जे सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. ज्या नियमामुळे अत्याचार सोसलेली बाई मदतीपासून तुटते, तो नियम अजून नीट लिहून झालेला नाही.

पुढच्या भेटीत आम्ही ती सूचना त्यांच्या मोबाइलवर ओळ न ओळ वाचली. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, व्हिडिओ तपासणाऱ्या वेगळ्याच कंपनीचं नाव होतं. तो कधी पुसणार? ‘आवश्यक तेवढ्या काळानंतर.’ त्या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे मला चालणार नाही.” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग होता, आणि मला तो ऐकून बरं वाटलं.

त्यांनी साइटला पत्र लिहिलं : तपासणी माझ्याच मोबाइलवर होते की तुमच्या सर्व्हरवर? व्हिडिओ कोणत्या दिवशी पुसला जातो? माझ्या टोपणनावाशी तो जोडला जातो का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, मधल्याचं आलं नाही. तोवर चेहरा द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. गटातल्या दोघींशी त्यांचा ईमेलवर संपर्क आहे, आणि आमच्या भेटी आम्ही आठवड्यावर आणल्या आहेत. नवऱ्याला त्यांनी एवढंच सांगितलं, “मला काही गोष्टी माझ्यापाशी ठेवायच्या आहेत.” कारण सांगायचं की नाही, यावर आता काम चालू आहे.