हजेरीवही परत कर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. देव आहे की नाही यावर चार पानं, आणि चौथीच्या मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार करतेस त्यावर तीन ओळी. 'त्या भाकरीत येशू खरोखर आहे असं त्यांना सांगते आणि घरी येऊन झोपू शकत नाही.' माझ्या लेखी पत्र या तीन ओळींचंच आहे. चार पानांतला वाद तू 'देव नाही' असं ठरवून मिटवलेला दिसतोय, त्यात मी हात घालत नाही.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. गप्प राहायला हरकत नाही, खोटं बोलायला आहे. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. एक तर घाबरून सगळीकडे 'आमेन' म्हणत राहतात, नाहीतर एके दिवशी नाताळच्या जेवणावर सगळं ओकून मोकळे होतात. पहिल्यात माणूस आतून कुजतो, दुसऱ्यात घर फुटतं.

म्हणून सर्वांत आधी तो वर्ग सोड. ती मुलं नऊ-दहा वर्षांची आहेत, तुझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतात. पण ख्रिस्तप्रसादाला पंधरा दिवस उरले असताना सोडू नकोस. मुलांचे सफेद कपडे शिवून झालेले असतात, अर्धा वर्ग पाठ व्हायचा असतो, आणि गावभर चर्चा मात्र तुझी होते. समारंभ जवळ आला असेल तर आजच फादरांना सांग, उरलेले पाठ दुसऱ्या शिक्षिकेला घेऊ दे, तू प्रार्थना पाठ करून घेणं आणि रांगा लावणं एवढंच कर. चिठ्ठी दोन ओळींची पुरे: 'व्यक्तिगत कारणामुळे यापुढे धर्मशिक्षणाचा वर्ग घेणं मला शक्य नाही. हजेरीवही आणि पुस्तकं सोबत देत आहे.' व्यक्तिगत कारण हे खोटं नाही, ते आहेच. आजारपण, नोकरी, अभ्यास असली सबब मात्र जोडू नकोस. महिन्याभरात कोणीतरी तुला बाजारात हसताना बघतं आणि मग तुझ्या खऱ्या बोलण्यालाही किंमत राहत नाही.

फादर विचारतील. 'श्रद्धेबद्दल माझे प्रश्न आहेत, आत्ता त्यावर बोलायचं नाही,' एवढं म्हण. एक बारकावा लक्षात ठेव. गुप्ततेचं बंधन पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगितलेल्या गोष्टीला असतं, ऑफिसात चहा घेताना केलेल्या गप्पांना ते बंधन नसतं. आणि केवळ गुप्तता मिळावी म्हणून पापनिवेदनाला जाऊन बसणं, तेही खोटंच.

आता रविवार. आईबरोबर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायला माझी काहीच हरकत नाही. वसईत देऊळ म्हणजे नुसती उपासना नव्हे, आठवडाभराची ख्यालीखुशाली असते. उभं राहा, बस, गप्प राहा. भाकर घ्यायला जाऊ नकोस. त्याची धास्ती वाटते ना? बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बस, म्हणजे कोणाला तुला ओलांडून जावं लागत नाही. तासाभराचा उपास मोडला म्हणून किंवा पापनिवेदन राहिलं म्हणून न जाणारे प्रत्येक मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चार-दोन असतातच, लोक त्याचा अर्थ लावत बसत नाहीत. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी जपमाळेला गेलीस तर जा, नंतरचे चणे खा. गायनमंडळ? यावर मी स्वतःशीच भांडते. सूर लावणं म्हणजे साक्ष देणं नव्हे असं माझं मत आहे, तुझं वेगळं असू शकतं. पण चुलतबहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात त्याची धर्ममाता होऊ नकोस. तिथे तुला भर देवळात विश्वास कबूल करावा लागतो. 'मला त्याचा मावशी म्हणूनच लाड करू दे' म्हण, आणि खरंच कर.

चर्चमधली नावनोंदणी 'रद्द' करायचा विचार सोड. कॅथोलिक कायद्यात बाप्तिस्मा पुसला जात नाही. औपचारिकपणे चर्च सोडण्याचा जो उल्लेख कायद्यात होता, तोही २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी काढून टाकला. जर्मनीत चर्चचा कर असतो, म्हणून तिथे लोक सरकारी कचेरीत जाऊन नाव कमी करतात. आपल्याकडे तो करच नाही. उलट बाप्तिस्म्याच्या दाखल्याची एक प्रत काढून ठेव, तो जन्माचा जुना पुरावा आहे. मिशीवर ताव देत तो फाडणारे नंतर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात.

सरकारी अर्जातल्या धर्माच्या रकान्याचं म्हणशील तर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की 'मला धर्म नाही' म्हणण्याचा हक्क घटनेच्या २५व्या कलमात येतो आणि सरकार कोणावर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत अशी की ते अर्जदार येशूला मानणारेच होते, फक्त धर्माचा शिक्का त्यांना नको होता. राजपत्रात बदल छापून घेण्याची घाई मात्र करू नकोस. ते छापील आणि सर्वांना खुलं असतं. तुझ्या आईला ते तुझ्याआधी दुसऱ्याकडून कळलं तर? आणि पुढच्या प्रवेशाला अल्पसंख्याक कोट्यासाठी फादरांचं पत्र मागायला जाऊ नकोस. मागच्या वेळी तू ख्रिस्ती होतीस, ते खरं होतं. आता ते खोटं ठरेल. गुण कमी पडले तर पडू देत.

आईला कसं सांगायचं? आधी तिला नाही, घरातल्या एका भावंडाला. मग तिला, एकटीला, साध्या दिवशी. गुड फ्रायडे, नाताळ, कोणाचं मयत हे दिवस टाळ. ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर वाद घालणार नाही. ती विचारेल: लग्न कसं होणार, घरात वाटा राहील का, मेल्यावर कुठे पुरणार. ही उत्तरं तयार ठेव, चर्चवर टीका करणारा व्होल्टेअर नको.

लग्न विशेष विवाह कायद्याने होतं. दोघांपैकी एकजण किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. नोटीस फलकावर लागते आणि नातेवाईक ती वाचतात, घोळ बहुतेक तिथेच होतो. म्हणून घरच्यांना नोटिशीच्या आधी सांग. आक्षेप घ्यायचे तर वय, आधीचं लग्न, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं एवढ्याच कारणांवर. 'आमची पोरगी बिघडली' हे कारण कायद्यात नाही. चर्च हे लग्न मानणार नाही, पुढे 'देवळात लावून घ्या' म्हणून येत राहतील. तिथे शपथ घ्यायची असते. तुला माझं म्हणणं माहीत आहे.

वाट्याचं उत्तर सोपं. वडील मृत्युपत्र न करता गेले तर १९२५च्या उत्तराधिकार कायद्याने आईला एक तृतीयांश, उरलेलं मुलगा-मुलींत सारखं. तू मिस्साला जातेस का हे त्यात कोणी विचारत नाही. मृत्युपत्राने मात्र ते कोणालाही काहीही देऊ शकतात. गोव्यातल्यासारखा मुलांसाठी राखून ठेवलेला हिस्सा इथे नाही. हे तुला माहीत असू दे, भीती म्हणून नव्हे. आणि पुरण्याचं म्हणशील तर चोविसाव्या वर्षी एवढंच सांग: 'तुम्हाला लाज वाटेल असं काही करणार नाही.' कॅथोलिक चर्चने १९६३ पासून दहनालाही परवानगी दिली आहे, हे आईला सांगितलंस तर ती चकित होईल.

आता तुझा खरा प्रश्न, आपली माणसं कुठे शोधायची. इथे अनेकांची फसगत होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून काम करते, पण ती नास्तिकांची संघटना नव्हे. तिचा विरोध शोषणाला आहे, तिच्यात देव मानणारेही आहेत. तिथे जा, शिबिरं, कार्यशाळा, आंतरधर्मीय लग्नाला मदत हे सगळं मिळतं. फक्त पहिल्याच बैठकीत 'इथे सगळे नास्तिकच असतील' असं धरून जाऊ नकोस. निखळ नास्तिकांचे मेळावे पुण्यात भरतात. २०११च्या जनगणनेत नास्तिक म्हणून नोंदले गेलेले देशात जेमतेम ३३ हजार, त्यांत साडेनऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रातले. म्हणजे आहेत, पण विखुरलेले.

पहिल्या दोन बैठका फक्त ऐक. बायका बोलतात का, की मागे बसून चहा देतात? विनोद फक्त एकाच धर्मावर होतात का? तू ख्रिस्ती धर्म सोडलास एवढ्यावर टाळ्या वाजवणारे सगळेच नास्तिक नसतात. काहींना तुला दुसऱ्या देवळात न्यायचं असतं, काहींना मंचावर दाखवायचं असतं. कोणी 'धर्मांतराचा पर्दाफाश' म्हणून तुझं भाषण ठेवलं तर घरी ये. ज्या फादरांनी तुला वाचायला लावलं, ज्या सिस्टरने तुला पोहायला शिकवलं, त्यांना शिव्या दिल्याशिवाय जागा मिळत नसेल तर ती जागा आपली नाही. तिथेही खोटं बोलायचं नाही.

समाजमाध्यमांवर क्रुसाची टिंगल करणारी चित्रं टाकू नकोस. २०१२ मध्ये विलेपार्ल्यातल्या एका चर्चमधल्या क्रुसातून झिरपणारं पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून वर चढून, येतं असं सांगितल्यावर बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावण्याच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. त्यांनी टिंगल नव्हे, कारण सांगितलं होतं. आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यावर कोणी मला भित्री म्हणेल. म्हणू दे. तुरुंगात जायचं तर अशा गोष्टीसाठी जावं जी तू न्यायाधीशापुढे शांतपणे पुन्हा म्हणू शकशील.

एक उणीव आधीच सांगून ठेवते. आपल्या नास्तिक मंडळींकडे व्याख्यानं ढिगाने आहेत, डबा पोचवणारं कोणी नाही. वाडीत आजी आजारी पडली की दहा मिनिटांत रिक्षा, रक्त, रात्रीची सोबत सगळं उभं राहतं. ते तुला कोणी आयतं देणार नाही. म्हणून तीन माणसं गाठ: ख्रिस्ती धर्मातूनच बाहेर पडलेलं एक, दुसऱ्या घरातून आलेलं एक, आणि श्रद्धाळू असूनही तुझ्या बाजूचं एक. हे तिसरं विसरू नकोस, संकटात बहुधा तेच आधी पोचतं. झोप महिनाभर उडाली असेल तर माणसं शोधणं बाजूला ठेव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं आणि कोणी तुझा धर्म सुधारायला बसलेलं नसतं.

चिठ्ठी लिहिलीस की कच्चा मसुदा मला पाठव. मी त्यातली सबब खोडेन. आणि हजेरीवही द्यायला जाशील तेव्हा मागच्या पानावर मुलांच्या आईवडिलांचे फोन नंबर आहेत का ते बघ, नव्या शिक्षिकेला लागतील.

तुझी,
मावशी