पूजेत एकदाही खंड नाही

प्रिय माई,

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. बी.कॉम. झाली, इथल्याच पतसंस्थेत कामाला लागली. गुणी आहे, दिसायलाही चांगली होती, पण दोन वर्षांत चेहऱ्याची पार रया गेली. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठाले दुखरे फोड येतात, महिना महिना बसत नाहीत, बसले तरी काळे डाग ठेवून जातात. बेसन-हळद झालं, जायफळ उगाळून लावलं, मुलतानी माती झाली. उष्णता असेल म्हणून सब्जा आणि गुलकंद दिला, तेलकट बंद केलं. पार्लरवालीने दिलेली ट्यूब लावली की आठ दिवस छान उजळ दिसते, बंद केली की दुप्पट येतात. अप्परलिपलाही हल्ली दर पंधरा दिवसांनी जावं लागतं. आता स्थळं बघायला सुरुवात केली आहे, तर हिला फोटोच काढायचा नाही. काही बोलायला गेलं की दार लावून बसते. बाकी मुलगी पुण्यवान. यंदा श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोजची पूजा तिच्याकडे दिली होती, अडचणीमुळे एकदाही खंड पडला नाही. लग्न झालं की चेहरा आपोआप साफ होतो असं सगळ्या म्हणतात. तोवर फोटोपुरता का होईना, काही खात्रीचा उपाय सांगा. मला शुगर आहे, डोळ्यांना कमी दिसतं, अक्षर समजून घ्या.

– एक काळजीत पडलेली आई


ताई,

अक्षर व्यवस्थित लागलं, त्याची काळजी नको. मी चेहऱ्याचं सगळं नीट वाचत आले, आणि शेवटाकडे ते पूजेचं वाक्य आलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. श्रावण, भाद्रपद, आश्विन. नागपंचमी, गौरी, घटस्थापना, कोजागरी, लक्ष्मीपूजन. बोटांवर मोजले तरी तीन महिने होतात.

अहो, २३ वर्षांच्या मुलीला तीन महिने पाळी आली नाही आणि तुम्ही तिला पुण्यवान म्हणताय?

मी रागावले आहे, ते लपवत नाही. बेसनापासून गुलकंदापर्यंत सगळं तुम्ही नोंदवलंत, पाळीचा उल्लेख मात्र आला तो देवघराच्या सोयीपुरता. तुमच्याकडे पाळी आली की कळतं, कारण पूजा अडते. नाही आली तर कुणालाच कळत नाही, कारण काहीच अडत नाही. तुमच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतील. गॅस कधी लावला ती तारीख असेल. मुलीचा तीन महिन्यांचा खाडा कुठे लिहिलाय?

आता शक्यता तीन. एक, पाळी खरंच आली नाही. दोन, पूजेची जबाबदारी अंगावर म्हणून ती मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून घेत होती. सणांच्या दिवसांत कित्येक मुली घेतात आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. तीन, पाळी आली, पण बाजूला बसण्याचा कंटाळा आला म्हणून तिने सांगितलंच नाही. तिसरी निघाली तर मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटेन, तुम्हाला काय करायचं ते करा. पण तिसरी असेल असं मला वाटत नाही, कारण बाकीच्या खुणा तुम्हीच लिहून पाठवल्यात. जबड्याच्या कडेने दुखरे फोड. ओठांवरची लव पंधरा दिवसांत परत. पाळीचा पत्ता नाही. या तीन गोष्टी तुमच्या पत्रात तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. त्या एकाच घरच्या आहेत.

अँड्रोजेन म्हणून हार्मोन्स असतात. त्यांना पुरुषी म्हणायची पद्धत आहे, पण ती प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी थोडी असतातच. त्यांचं प्रमाण वाढलं, किंवा त्वचाच त्यांना जास्त दाद द्यायला लागली, की त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करतात, रंध्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि खोलवर सूज येते. तोच तो फोड, जो दाबला तर डोळ्यांत पाणी येतं. त्याच हार्मोन्समुळे ओठांवर, हनुवटीवर जाड केस येतात. आणि त्यांच्याच गोंधळात बीजकोशातलं बीज वेळेवर पिकत नाही, म्हणून पाळी पुढे पुढे जाते. हे सगळं आत चाललंय, तिथवर तुमचं जायफळ पोचायचं कसं?

पोळीवरचं तूप काही चेहऱ्यातून बाहेर येत नाही, तेव्हा त्या तेलकटावरून तिला बोलणं सोडा. गुलकंद मात्र बंद करा. तो म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच की हो, आणि घरात तुम्हाला शुगर. हे मी उगाच जोडत नाही. एकदा ती केस वर बांधून बसली असताना तिची मान बघा. मागच्या बाजूची कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते का? काखेत? तशी असेल तर तो मळ नाही, आणि अंघोळीला दगड घेऊन घासायला सांगत असाल तर ते आजपासून थांबवा. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्शुलिन वाढतं, त्याने मान अशी काळवंडते, आणि तेच इन्शुलिन बीजकोशांना आणखी अँड्रोजेन तयार करायला लावतं. आईला मधुमेह असलेल्या मुलींनी तर याकडे लवकर बघायला हवं. मुलगी सडपातळ असली तरीही.

या सगळ्या भानगडीला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात, बोलताना लोक पीसीओडी म्हणतात. हे हल्लीच्या पिझ्झाचं आणि मोबाइलचं खूळ नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली त्यावर लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की मूल होण्याच्या वयातल्या दर १०० बायकांमागे १० ते १३ जणींना हे असतं, आणि त्यांच्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना ते माहीतच नसतं. माहीत नसतं कसं, हे तुमचं पत्र वाचून मला नीट कळलं.

मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. थायरॉइड असू शकेल, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलेलं असू शकेल. ते रक्त सांगेल. पण मोठ्या मुलीच्या दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांहून जास्त अंतर वरचेवर पडत असेल, किंवा एकदा जरी ९० दिवसांच्या पुढे गेलं, तरी दाखवायचं असतं, एवढं सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. महिनोन्‌महिने पाळी न येणं हे फक्त चेहऱ्याशी निगडित नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर तयार होत राहतं, पण वेळच्या वेळी झडत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर पुढे त्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. आणि दिलासा असा, की त्यावर इलाज साधा असतो; बऱ्याचदा काही दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणतात.

आता तुमच्या त्या ‘सगळ्या’. लग्न झालं की चेहरा साफ होतो म्हणणाऱ्या. त्या अगदीच खोटं बोलत नाहीत, म्हणून तर हे टिकून आहे. लग्नानंतर काही मुली पाळणा लांबवायला गोळ्या सुरू करतात. त्या गोळ्यांतल्या हार्मोन्सनी अँड्रोजेनचा जोर कमी होतो, पाळी तारखेला येते आणि तीन-चार महिन्यांत चेहरा निवळतो. काम गोळीचं, मान जावयाचा.

तेव्हा या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. माझं सांगणं एवढंच आहे. स्थळ आल्यावर, लग्न ठरल्यावर, असं नाही. तालुक्याला ओळखीचं कुणी दिसेल, बिनलग्नाच्या मुलीला घेऊन बाईच्या दवाखान्यात कशाला आली असेल म्हणतील, ही भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत तरी मला दिसते. दिसू दे. कुणी विचारलंच तर माझी शुगर दाखवायला आले म्हणा, हवं तर तुमचीही दाखवून घ्या.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे दारातून परत फिरणार नाही. तुमच्या मुलीची आतून तपासणी करायची गरज नसते. सोनोग्राफी सांगितली तर ती पोटावरून होते, फक्त लघवी साठलेली लागते. रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ असा शब्द आला तर घाबरून गाठी गाठी करू नका. त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात, कापून काढायच्या नसतात. रक्त तपासतील, साखर तपासतील. आणि लघवीची एक तपासणी करतील ती गर्भ आहे का बघायची. ती पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची करतात. तेव्हा मुलीकडे वळून बघू नका. अगदी सहजसुद्धा नाही.

पार्लरची ती ट्यूब पिशवीत घालून बरोबर न्या. आठ दिवसांत उजळ आणि सोडली की दुप्पट, हे वागणं स्टेरॉइडचं असतं. त्याने कातडी पातळ होते, लाल पडते, फोड वाढतात, चेहऱ्यावर केससुद्धा वाढू शकतात. ती कशी सोडवायची ते त्वचेचे डॉक्टर सांगतील, कारण एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो आणि मुली घाबरून पुन्हा तिलाच धरतात. पार्लरवालीने भुवया कोराव्यात, औषध देऊ नये.

उपचार सुरू झाल्यावर तुमचीच परीक्षा आहे. कदाचित तिलाही त्याच कुटुंबनियोजनाच्या गोळ्या लिहून देतील. पाकिटावर काय छापलंय ते बघून घरात गहजब करू नका, कपाटात साड्यांखाली लपवूनही ठेवू नका. डब्यावर उघड्या राहू द्या, तुमच्या शुगरच्या गोळ्यांशेजारी. रात्री लावायचं औषध दिलं तर सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, सालं निघतील, आणि आठ ते बारा आठवडे जायच्या आत त्याची लायकी ठरवायची नसते. फोड फारच हट्टी असतील तर काही तगडी औषधं देतात, त्यातल्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून स्थळं बघताय हे डॉक्टरांना सांगायचं, आणि मध्येच लग्न ठरलं तर औषधाचं काय करायचं ते आधी त्यांना विचारायचं. लग्नाचा या सगळ्याशी संबंध असला तर इतकाच.

फोटोचं म्हणाल, तर सहा महिने विसरा. ती दार लावून बसते ते फोडांमुळे नाही, असं मला वाटतं. दोन वर्षं घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे बघताना आधी हनुवटी बघतंय. तुम्हाला शुगर निघाली तेव्हा कुणी तुमच्या चेहऱ्याला बेसन फासलं होतं का? पथ्य सांगितलं, गोळ्या दिल्या, काळजी घेतली. तिलाही तेवढंच द्या.

आज संध्याकाळी तिला विचारा. स्वयंपाकघरात, ती काही निवडत असताना, तुमची पाठ तिच्याकडे असताना विचारलंत तर बरं. तोंडावर तोंड करून अशा गोष्टी बोलायची आपल्याला सवय नाही. ‘शेवटची कधी आली होती गं?’ एवढंच. उत्तर काहीही आलं तरी पूजेचं नाव काढायचं नाही. तारीख कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या खाड्यांना वापरता त्याच पेनाने.

आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाई हाच प्रश्न विचारतील तेव्हा त्या तुमच्याकडे बघतील, आपल्याकडे आईलाच विचारतात. तुम्ही गप्प बसा. तिला उत्तर देऊ द्या.

– माई