९८ डेसिबलचे हॉर्न स्पीकर घरात पूर्ण जोरात वाजवले तर उडतील का?

तुमचे स्पीकर हॉर्नचे (भोंग्यासारख्या तोंडाचे), सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल, मागे १०० वॉट छापलेलं, आणि ॲम्प ६० वॉटचा. कधीमधी अगदी दणकून ऐकायचं असेल तर व्हॉल्यूम कुठपर्यंत न्यावा आणि मोठा ॲम्प घेतला तर धोका वाढेल का, असं तुम्ही विचारलंय.

दणकून ऐका, हे स्पीकर त्यासाठीच असतात. ही जातच मुळात जुन्या चित्रपटगृहांतून आली. तेव्हाच्या ॲम्पमधून जेमतेम काही वॉट निघायचे आणि तेवढ्यावर अख्खं थिएटर भरायचं असायचं. घरात ट्वीटर (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर) आणि वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) उडतात ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी: ॲम्पचा दम संपलेला असतो, नाहीतर बेसचं बटण चढवलेलं असतं. तुमच्यासारख्या स्पीकरमध्ये हे दोन्ही उशिरा लक्षात येतं. आवाज फार वाढलाय हे आपला कान बरेचदा तो फाटायला लागला की ठरवतो. चांगला हॉर्न फाटतच नाही, त्यामुळे मोठा आवाजही मोठा वाटत नाही आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.

आधी हिशेब बघा. ९८ डेसिबल म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ९८ डेसिबल. दर १० डेसिबलला १० पट वॉट लागतात, दर ३ डेसिबलला दुप्पट. म्हणजे १० वॉटला १०८ आणि ६० वॉटला जवळपास ११६. साधारण ८८ डेसिबलच्या स्पीकरला तिथे पोचायला ६०० वॉट लागतील. पण गाण्यातले ठोके सरासरी आवाजाच्या सहज १० ते १५ डेसिबल वर जातात. ठोक्याला ६० वॉट हवे असतील तर सरासरी ५-६ वॉट किंवा त्याहून कमीच वापरायचे, उरलेली जागा ठोक्यांसाठी मोकळी ठेवायची. ती जागा संपली की गडबड सुरू होते.

माझा पहिला ट्वीटर असाच गेला. ॲम्प ३० वॉटचा, स्पीकर १०० वॉटचे, म्हणून मी निर्धास्त होतो. घरी मंडळी जमली होती, तीन तास गाणी चालली, बेस पूर्ण चढवलेला. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण गप्पांच्या गलक्यात ते कुणाला जाणवलं नाही. मग जवळून जाताना वार्निश करपल्यासारखा वास आला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर पडदा हलवणारी केसाएवढ्या तारेची कॉइल काळी पडलेली, दोन वेढे सुटून चुंबकाच्या फटीत अडकलेले. त्या दोन वेढ्यांनी मला शिकवलं की लहान ॲम्प म्हणजे सुरक्षित ॲम्प हा समज किती घातक आहे.

झालं होतं असं. ॲम्पची एक कमाल मर्यादा असते. ढोल आणि बेसची शिखरं तिथे पोचली की सपाट कापली जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. ती शिखरं आणखी वाढू शकत नाहीत, पण त्यांच्या खालचा बारीक, तीव्र आवाज बटणाबरोबर वाढतच राहतो. शिवाय कापलेल्या कडांमधून नवे तीव्र स्वर तयार होतात, तेही थेट ट्वीटरकडेच जातात. पूर्ण क्लिप झालेला ॲम्प त्याच्या छापील वॉटच्या दुपटीपर्यंत देऊ शकतो. स्पीकरच्या मागचे १०० वॉट गाण्यातली नेहमीची वाटणी धरून लिहिलेले असतात. त्यात बहुतेक वाटा वूफरचा असतो; साध्या घरगुती ट्वीटरची कॉइल सतत मोजकेच वॉट सोसू शकते.

म्हणून बटण 'किती वाजता' ठेवायचं याला माझ्याकडे एकच खात्रीचं उत्तर आहे, ते म्हणजे मोजून बघा. साधा मल्टिमीटर पुरतो. ॲम्प ट्रान्झिस्टरचा असेल तरच हे करा, कारण व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा, बेस-ट्रेबल मध्यावर ठेवा, प्लेअर किंवा फोनचा आवाज पूर्ण करा आणि १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या टर्मिनलला लावा आणि बटण शून्यापासून हळूहळू वर न्या. ८ ओहमला ६० वॉट म्हणजे सुमारे २२ व्होल्ट. तुम्ही १८ वर थांबा आणि बटणाच्या कडेला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. १८ व्होल्ट म्हणजे ४० वॉट. २० वॉट वाया गेल्यासारखे वाटतील, पण फरक जेमतेम पावणेदोन डेसिबलचा आहे. माझ्या ॲम्पवर ही खूण बटण अर्ध्यावर यायच्या आतच आली होती. त्यापुढचा सगळा फिरवा क्लिपिंगचाच होता, आणि मी मात्र 'अजून अर्धं शिल्लक आहे' असं समजत होतो. तारा परत जोडताना ॲम्प बंद, आवाज शून्यावर.

ही खूण खरी ठरते ती बेसचं बटण मध्यावर असेल तरच. बेस १० डेसिबलने चढवला की त्या पट्ट्यात ॲम्पकडून १० पट वॉट मागितले जातात आणि वूफरचा पडदा तिपटीहून जास्त हलतो. त्यात तुमच्या जातीच्या वूफरचा पडदा हलका, कड घट्ट आणि हालचाल मोजक्या मिलिमीटरची असते, म्हणून तर तो इतका कार्यक्षम असतो. एक सप्तक खाली तोच आवाज काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं. बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असेल तर पोर्टच्या ट्यूनिंगखाली आतल्या हवेचा आधारच सुटतो आणि पडदा मोकाट हलू लागतो. बेस-हॉर्नचंही त्याच्या मर्यादेखाली हेच होतं. खट्-खट् असा आवाज आला तर कॉइल तळाला आपटतेय, त्याच क्षणी आवाज कमी करा.

खोल बेस हवाच असेल तर सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर, घ्या आणि मुख्य स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काही देऊ नका. होम थिएटर रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' निवडलं की हे होतं. मोठ्या स्पीकरला स्मॉल म्हणायला लोकांना जिवावर येतं, पण वूफरचा जीव त्यानेच वाचतो. रेकॉर्ड प्लेअर वापरत असाल तर सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अगदी खालचे स्वर अडवणारा) चालू ठेवा. वाकलेली तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि दर फेऱ्याला वूफरचा पडदा संथपणे आत-बाहेर झुलतो, आवाज मात्र काहीच येत नाही. बाजूने टॉर्च मारून बघा, स्पष्ट दिसतं.

उष्णतेचंही सांगतो. ९८ डेसिबलचा स्पीकरसुद्धा दिलेल्या विजेपैकी सुमारे ४ टक्क्यांचाच आवाज करतो, बाकी सगळी कॉइल तापवते. तांबं दर अंशाला सुमारे ०.४ टक्के जास्त विरोध करतं. कॉइल २०० अंशांनी तापली तर विरोध जवळपास पावणेदोन पट होतो आणि स्पीकर कमी वीज ओढतो. आवाज बसल्यासारखा वाटतो, आपण बटण वाढवतो, कॉइल आणखी तापते. तासाभराने तेच गाणं त्याच खुणेवर निस्तेज वाटलं तर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

कानांकडे तर नक्कीच लक्ष द्या, तुमचे स्पीकर त्यांना स्पीकरच्या आधी निकामी करू शकतात. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची कामाच्या ठिकाणची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. फोनवरचं मीटर अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. तुमच्या बैठकीच्या जागी १०० सहज दिसेल, आणि तो मोठा वाटणारही नाही.

मोठ्या ॲम्पबद्दल: १२० वॉटचा घेतलात तर मिळतील ३ डेसिबल. चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत पोचूनही ठोके दबलेले वाटत असतील तरच घ्या. मोठा ॲम्प क्लिप न होता चालतो म्हणून ट्वीटरला तो बरा, फक्त पार्टीत बटणाला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या बॉक्सला पोर्ट आहे की तो बंद आहे, आणि ॲम्प ट्रान्झिस्टरचा की व्हॉल्व्हचा, हे खाली लिहिलंत तर फिल्टर कितीवर ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.