खानदानी हत्यार

प्रश्न असा आलाय : ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात म्हातारा ओबी-वान तरुण ल्यूकच्या हाती लाइटसेबर (उजेडाच्या पात्याची तलवार) देतो आणि त्याला ‘एलिगंट वेपन’ म्हणतो. ‘सुंदर शस्त्र’ मुळमुळीत वाटतं, ‘मोहक अस्त्र’ म्हटलं तर हसू येतं. मग मराठीत काय म्हणावं?

‘अस्त्र’ आधी बाद करू. ‘अस्’ म्हणजे फेकणं, ‘शस्’ म्हणजे कापणं. हातातून सुटतं ते अस्त्र, म्हणून क्षेपणास्त्र. हातात राहून कापतं ते शस्त्र, म्हणून डॉक्टर करतात ती शस्त्रक्रिया. ओबी-वान त्याच वेळी नाक मुरडतो ते ब्लास्टर नावाच्या बंदुकीला, आणि ते अस्त्रात जमा. (१९८३च्या भागात खलनायक व्हेडर लाइटसेबर फेकून मारतो. तेवढ्यापुरतं त्याचंही अस्त्र झालं म्हणा!)

म्हणजे ‘शस्त्र’ बरोबर आहेच, पण मला ‘हत्यार’ जास्त आवडतं. ‘धारदार हत्याराने वार’ छापून छापून बातम्यांनी या शब्दाला बदनाम केलंय. त्याचं नातं हाताशी आहे, हत्येशी नाही. सुताराचा रंधा, पटाशी हीसुद्धा हत्यारंच, आणि खंडेनवमीला तलवारीइतकाच मान त्यांनाही मिळतो. चित्रीकरणासाठी ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ केली होती तीही जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांडीची. कामाची वस्तूच ती.

खरी अडचण ‘एलिगंट’ची. ‘सुबक’ म्हटलं की मोदकाच्या कळ्या आठवतात. ‘नाजूक’ म्हटलं की मोडायची धास्ती. ‘डौलदार’ जवळचा आहे, पण डौल फिरवणाऱ्याचा असतो, आणि ल्यूक तर त्या प्रसंगात ते पहिल्यांदाच हवेत फिरवून बघतोय. ‘अभिजात’ला अर्थाने नाव ठेवता येणार नाही, तो फक्त समीक्षकाच्या तोंडचा आहे. वाळवंटात एकटा राहणारा म्हातारा असं कशाला बोलेल?

तो म्हणेल ‘खानदानी’. खानदानी गायकी म्हणतो तेव्हा आपल्याला नुसतं गोड गाणं म्हणायचं नसतं. त्यात तालीम येते, रीत येते, दिखाऊपणाचा तिटकारा येतो आणि ‘आता ते दिवस गेले’ ही हळहळही येते. शिवाय त्याचा सरळ अर्थ घ्या : लाइटसेबर ल्यूकच्या वडिलांचं आहे. एका शब्दात दोन्ही कामं झाली. संवाद असा बसेल : ‘ब्लास्टरसारखं धसमुसळं नाही हे. खानदानी हत्यार आहे.’

मात्र हा शब्द सगळीकडे चिकटवू नका. ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीत सुऱ्या आहेत त्या जुन्या काळाच्या हौसेपोटी नव्हेत. तिथलं अंगावरचं कवच वेगाने येणारी गोळी अडवतं, हळू सरकवलेलं पातं मात्र आत जातं, म्हणून सुरा. त्यात तिथल्या वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा सुरा अजस्र वाळूकिड्याच्या दाताचा. त्याला ‘खानदानी’ म्हटलं तर तो बैठकीत टांगल्यासारखा वाटेल. तिथे मी ‘जातिवंत’ म्हणेन.